एकट्या कवीचे एकत्र कुटुंब

गणित शिकवणाऱ्या सहकाऱ्यांचा मला मनापासून हेवा वाटतो. उत्तर चुकले की लाल फुली मारून ते मोकळे होतात. माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्यासारखीला ही सोय व्याकरणापुरतीच मिळते. कवितेच्या उत्तरात चूक अशी सापडतच नाही, आणि जे सापडते ते चुकीहून भयंकर असते.

वर्ड्‌सवर्थची डॅफोडिल्सची कविताच घ्या. ढगासारखा मी एकटाच भटकत होतो, असे कवी पहिल्याच ओळीत सांगतो. एवढ्यावर फळ्यावर ‘उपमा अलंकार’ लिहून तास संपवावा, यातच शिक्षकाचे शहाणपण असते. परंतु वर्गाला पुस्तकाबाहेरचेही काही कळावे म्हणून मी डोरोथीच्या रोजनिशीकडे वळते. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर सरोवराच्या काठी ती फुले दिसली, तेव्हा कवीची ही बहीण त्याच्याबरोबर होती. काही फुलांनी उशीवर टेकावी तशी दगडांवर मान टेकली होती आणि बाकीची नाचत होती, अशी नोंदही तिने करून ठेवली आहे. कवितेला मुहूर्त लागला तो १८०४ साली.

“म्हणजे कवी एकटा नव्हताच?”

“काव्यातले एकटेपण निराळे असते,” मी सांगते. हे माझे हुकमी वाक्य आहे; ते कोणत्याही कवितेला चालते.

येथे गप्प बसावे, तर ते होत नाही. एकांतात मनःचक्षूंपुढे फुले चमकून जातात, या आशयाच्या दोन ओळी कवीच्या पत्नीने सुचवल्या होत्या आणि त्याच सर्वांत सरस असल्याचे खुद्द कवीने मान्य केले होते, हेही माझ्या तोंडून निसटतेच. मग मागच्या बाकावर हिशेब मांडला जातो.

“बघायला बहीण, लिहून ठेवायला बहीण, चांगल्या ओळी बायकोच्या. मग माझ्या निबंधात ताईने चार वाक्ये घातली, तर तुम्ही वहीवर शेरा का मारता, मॅडम?”

मी घाईघाईने पाठभेदांकडे वळते. १८०७ साली कविता प्रथम छापली गेली, तेव्हा ही फुले सोनेरी नव्हती, नुसती नाचरी होती. १८१५ च्या आवृत्तीत कवीने विशेषण बदलले आणि ताऱ्यांचे एक अख्खे कडवे नव्याने घातले. एवढा मोठा कवी छापून झालेली कविता पुन्हा तपासतो आणि तुम्ही उत्तरपत्रिका देण्यापूर्वी एकदाही वाचत नाही, असे मी बजावते. त्यावर “आम्हालाही आठ वर्षे द्या” अशी मागणी येते, जी तर्काला धरून असल्यामुळे मला फेटाळता येत नाही.

तरीही हे प्रश्न परवडले, असे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उघडल्यावर वाटते. फ्रॉस्टच्या दोन वाटांच्या कवितेवर गठ्ठाभर एकच उत्तर असते: कवीने खडतर वाट निवडली आणि तो यशस्वी झाला. दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच मळलेल्या होत्या, असे कवितेतच लिहिलेले आहे. पण गाईडमध्ये तसे नाही, आणि कवी विरुद्ध गाईड या सामन्यात कवी जिंकल्याचे मी अजून पाहिलेले नाही. गाईडची मुद्रणचूकदेखील सगळे इमानाने उतरवतात.

अशा गठ्ठ्यात एका उत्तराने मला खुर्चीतून उठवले. कवीला एकटे का वाटत होते, या प्रश्नावर मजकूर असा होता: “बहीण बरोबर होती, परंतु ती सगळा वेळ रोजनिशी लिहीत असल्यामुळे त्याच्याशी कोणी बोलत नव्हते.” वाक्यरचना बिनचूक, क्रियापदाचा काळ योग्य, आणि गाईडशी काडीचा संबंध नाही. नमुना उत्तराप्रमाणे शून्य द्यायला हवे होते. मी पूर्ण गुण दिले आणि फेरतपासणीत विचारणा होईल म्हणून समासात ‘स्वतंत्र विचार’ असे लिहून ठेवले.

आता शेक्सपिअरची सुनीते सुरू करायची आहेत. ती एकूण १५४ आहेत आणि १६०९ साली छापली गेली, एवढे सांगून मी थेट यमकांवर जाणार आहे. ती कोणाला उद्देशून लिहिली, हे वर्गात कोणी विचारलेच, तर त्या दिवशी व्याकरण.