बेडला बांधणं म्हणजे सेफ्टी नाही: त्या 'केअर सेंटर'वाल्या फॉरवर्डला उत्तर

"आई-वडिलांना केअर सेंटरमध्ये ठेवताय? घाबरू नका, हे ६ मुद्दे वाचा" असा एक लांबलचक मेसेज सध्या ठाणे-नवी मुंबईत फिरतोय. ज्यांच्यापर्यंत आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. (१) सगळी सेंटर्स रजिस्टर्ड असतात, सरकार तपासतं. (२) रात्री पेशंटला बेडला बांधणं ही मेडिकल पद्धत आहे, परदेशातही असंच करतात. (३) बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, वयामुळे होतातच. (४) सीसीटीव्ही आहे म्हणजे काळजी मिटली. (५) पहिला महिनाभर भेटायला जाऊ नका, नाहीतर ते रुळत नाहीत. (६) घरी ठेवणं जास्त धोक्याचं आहे.

एरवी मी असले मेसेज वाचून सोडून देते. पण हा मला आमच्या दादाने पाठवलाय, आत्याच्या मुलाने, आणि खाली लिहिलंय "बघ, बांधणं नॉर्मल असतं म्हणे". आत्याला डिमेन्शिया आहे, म्हणजे स्मृतिभ्रंश. दादा-वहिनी दोघं नोकरीवाले, कोपरीच्या घरात रात्री आत्या उठून कडी काढायला जाते, दोघांच्याही झोपेचं खोबरं झालंय, म्हणून त्यांनी घोडबंदर साइडला एक सेंटर बघितलंय आणि तिथल्या ॲडमिशन फॉर्मवर "गरज पडल्यास पेशंटला बांधण्यास नातेवाइकांची हरकत नाही" अशी ओळ छापलेली आहे. मी आयुष्यभर वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून काम केलंय, हे वाचून माझं डोकंच सणकलं. म्हणून मुद्दा दोनपासून सुरू करते, बाकीचे मागून.

बांधायला परवानगी कधी असते ते कायद्यात लिहिलेलं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ९७. पेशंटला किंवा दुसऱ्या कुणाला लगेच इजा होणार असेल आणि ती टाळायला दुसरा काहीच उपाय नसेल तरच बांधता येतं, इन्चार्ज सायकियाट्रिस्टची परवानगी लागते, गरज आहे तेवढाच वेळ, का बांधलं आणि किती वेळ बांधलं हे केसपेपरवर लिहावं लागतं, आणि पेशंटचा जो कोणी प्रतिनिधी नेमलेला असेल, म्हणजे बहुतेक वेळा घरचंच माणूस, त्याला २४ तासांत कळवावं लागतं. शिक्षा म्हणून बांधता येत नाही. आणि ज्याच्यासाठी मी हे सगळं टाइप करतेय ते असं, की निव्वळ स्टाफ कमी आहे म्हणून बांधता येत नाही. हे कलमातच आहे, माझं मत नाही. आता मला सांगा, रोज रात्री दहाला बांधायचं आणि सकाळी सहाला सोडायचं, याला स्टाफ कमी असण्याशिवाय दुसरं कारण काय असतं?

सेंटरवाले म्हणतील आम्ही काय मेंटल हॉस्पिटल आहोत का. तर त्याच कायद्यातली मानसिक आजाराची व्याख्या वाचा, स्मरणशक्ती बिघडणं आणि स्थळकाळाचं भान जाणं हे दोन्ही त्यात धरलंय. आणि असे पेशंट ठेवून घेऊन त्यांची देखभाल करणारी जागा, मग तिचं नाव काहीही असो, त्या कायद्यात येते. सूट आहे ती नातेवाइकांबरोबर राहतात त्या घराला. फॉर्मवर एकदा घेतलेली सही म्हणजे रोजच्या बांधण्याची परवानगी होत नाही. दादा, ती ओळ खोड आणि बाजूला सही कर, नाही म्हणाले तर दुसरं सेंटर बघ.

परदेशाचं म्हणाल तर अमेरिकेत वृद्धांना सांभाळणाऱ्या नर्सिंग होमसाठी १९८७ मध्येच कायदा झाला, स्टाफच्या सोयीसाठी किंवा शिस्त लावायला बांधायचं नाही आणि औषध देऊन गुंगवायचंही नाही. मेसेज लिहिणारा कुठल्या परदेशात जाऊन आला देव जाणे.

बांधल्याने पडणं थांबतं हाच मुळात गैरसमज आहे. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो, साइड रेलवरून चढून जास्त उंचावरून पडतो, नाहीतर रेल आणि गादीच्या मध्ये अडकतो, पट्टा सरकून गळ्याशी येतो. जो गप पडून राहतो त्याच्या पायातली ताकद भराभर जाते, लघवी जागेवरच, कमरेखाली जखम, आणि मग तो खरोखरच चालेनासा होतो. स्वतःच्या पायाने वॉर्डात आलेल्या आज्या अशा अंथरुणाला खिळलेल्या मी बघितल्यात. मनगटावरचे ते लाल वळ विसरता येत नाहीत.

माणूस रात्री का उठतो, हे आधी बघायचं असतं. लघवीला लागलेली असते, पोट साफ नसतं, गुडघा ठणकत असतो, युरिन इन्फेक्शन असतं आणि बिचाऱ्याला सांगता येत नाही. झोपायच्या आधी आणि मध्यरात्री एकदा बाथरूमला नेऊन आणायचं, बेड जमिनीलगत, शेजारी खाली एक गादी, बाथरूमच्या वाटेवर बारीक दिवा, आणि जागी असलेली मावशी. यातलं महाग काय असेल तर ती मावशी, आणि तिचाच पगार वाचवायला बांधतात. काही ठिकाणी सांगतात आम्ही बांधत नाही, फक्त रात्रीची गोळी देतो. त्या गोळीचं नाव लिहून घ्या. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये अँटिसायकोटिक, म्हणजे गंभीर मानसिक आजारात देतात त्या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो अशी कडक वॉर्निंग अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २००५ मध्येच दिलीय. कधीकधी द्याव्या लागतात, पण डॉक्टरने पेशंट बघून, ठरावीक मुदतीसाठी. मॅनेजरने ठरवून नाही.

बेडसोर. वयाने होत नाहीत, एका कुशीवर तासन् तास पडून राहिल्याने होतात. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, ओलं डायपर लगेच काढणं, पोटात प्रोटीन जाणं, एवढं केलं तर बहुतेक टळतात. नुसती एअर मॅट्रेस घातली म्हणजे कूस बदलायची नाही असं नसतं. अगदी शेवटच्या दिवसांत, शरीरच साथ सोडत असताना, कितीही केलं तरी जखम होते, हे खरं आहे. पण चालत्याबोलत्या माणसाला ॲडमिट केल्यावर महिन्याभरात माकडहाडावर जखम झाली तर ते वय नाही. भेटायला गेलात की टाचा आणि माकडहाड बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा, दाबूनही लाली जात नसेल तर तिथूनच सुरुवात होते.

सहावा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करते. घरीही माणसं पडतात, ब्युरोची बाई दांडी मारते, बाथरूममध्ये धरायला दांडा नसतो, आणि रात्रभर जागणाऱ्या सुनेला "सेंटरमध्ये टाकलं" म्हणून टोमणे मारणारे नातेवाईक एक रात्र येऊन बसत नाहीत. सेंटर लागतात. चांगली सेंटरही आहेत. म्हणूनच वाईटांची पाठराखण करणारा मेसेज नको.

रजिस्ट्रेशन. बोर्डावरचा नंबर बहुतेक वेळा ट्रस्टचा नाहीतर गुमास्ता लायसन्सचा असतो, त्यातलं कोणीही बाथरूममधली फरशी बघायला येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात वृद्धाश्रमाचं कलम आहे, पण ते सरकारने जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय करण्याबद्दल. खासगी सेंटरची नोंदणी आणि किमान दर्जा यासाठीचं दुरुस्ती विधेयक २०१९ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडलं आणि ते पास झालंच नाही. महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, २०२४ मध्ये नियम आणले ते बिल्डर विकतात त्या रिटायरमेंट होमसाठी, तरी त्यातली मापं सेंटर बघताना वापरा: दार किमान ९०० मिलिमीटर रुंद, उंबरा नाही, म्हणजे व्हीलचेअर आत जाते.

सीसीटीव्ही हॉलमध्ये असतो, माणूस पडतो बाथरूममध्ये. त्यापेक्षा फायरचा फॉर्म बी मागा, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचा दाखला. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे तो जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा द्यावा लागतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये मुंब्र्यातल्या हॉस्पिटलला आग लागून ४ पेशंट गेले, हे ठाणेकरांना तरी सांगायला नको. खिडक्यांना ग्रिल, दाराला बाहेरून कुलूप आणि आत न चालणारी माणसं, हे बघितलं तर तिथूनच परत फिरा.

आणि महिनाभर भेटायचं नाही हा तर सगळ्यात सोयीचा नियम आहे, वळ आणि जखमा लपवायला तेवढा वेळ पुरतो. डिमेन्शियाच्या माणसाला उलट ओळखीचा चेहरा, ओळखीचा आवाज लागतो. पहिल्याच आठवड्यात जा, न सांगता जा, जमलं तर रात्रीच्या जेवणानंतर जा, कारण दिवसा सगळीच सेंटर चांगली दिसतात. काही चुकीचं दिसलं तर फोटो काढा, १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, तिथे फोन करा. माणूस बांधलेला किंवा जखमी दिसला तर थेट ११२.