लिव्हिया कारकुनाच्या चुकीने उरलेलं नाही

फ्रान्सच्या नकाशात स्पेनचा एक ठिपका, आणि खाली मजकूर: ‘१६५९च्या तहात कारकुनाने “गावं” लिहिलं, “शहर” लिहायला विसरला. त्या एका शब्दामुळे डोंगरापलीकडचं, खरं तर फ्रान्सचं असलेलं लिव्हिया स्पेनकडे राहिलं. तिथले लोक आजही पासपोर्ट दाखवून घरी जातात. जगात असं हे एकमेव!’ माझ्याकडे हे तीन गटांतून आलं. ठिपका खरा आहे. बाकीचं एकेक करून पाहू.

आधी त्या बिचाऱ्या कारकुनाची सुटका करू. ७ नोव्हेंबर १६५९ला बिदासोआ नदीतल्या बेटावर फ्रान्स आणि स्पेन यांच्यात पिरेनीजचा तह झाला, त्यात लिव्हियाचा प्रश्न सुटलाच नव्हता. लिव्हिया ज्यात आहे, त्या पिरेनीज डोंगरांतल्या सर्दान्या खोऱ्यात हद्द कुठून न्यायची, हे दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींवर सोपवलं होतं. फ्रान्सतर्फे प्येर द मार्का हा आर्चबिशप होता. हा गृहस्थ इतिहासकारही, त्यामुळे वाद थेट रोमन काळातल्या ग्रंथांपर्यंत गेला. अखेर ३१ मे १६६०ला ठरलं की खोऱ्यातली ३३ गावं फ्रान्सला द्यायची. ती कोणती, याची यादी त्याच वर्षी नोव्हेंबरात झाली, आणि झाली कुठे? लिव्हियातच! ज्या गावात बसून यादी केली, ते गाव नजरचुकीने राहिलं म्हणायचं?

फ्रान्सला लिव्हियाही हवं होतं. स्पेनच्या बाजूने हरकत घेतली गेली, की हे गाव नाही, ‘विला’ आहे. आपल्या जुन्या दप्तरात ‘मौजे’ आणि ‘कसबे’ यांत जो फरक असे, साधारण तसाच हा. ‘विला’ हा दर्जा त्याला बादशहा पाचव्या चार्ल्सने दिलेला होता. रोमन काळात ‘यूलिया लिबिका’ म्हणून इथे शहर होतं, आणि शेजारचं पुच्सर्दा हे स्पेनमधलं शहर वसेपर्यंत खोऱ्याचं मुख्य ठिकाणही हेच. फ्रान्सने अखेर मान्य केलं, पण अट घातली: स्पेनने इथे तटबंदी उभारायची नाही. विसरून राहिलेल्या गावाला कोणी अशा अटी घालत नाही.

‘डोंगरापलीकडचं’ हा मुद्दा तर नकाशा नीट न पाहता लिहिलाय. सर्दान्या हे पिरेनीजमधलं उंचावरचं, रुंद आणि सपाट खोरं. लिव्हिया समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटरवर आहे, पण चहूकडे शेतं आणि कुरणं. इथून सेग्रे नदी वाहते. ती फ्रान्सच्या हद्दीत उगम पावते, लिव्हियातून पुच्सर्दाकडे जाते आणि पुढे स्पेनमधल्या एब्रोला मिळते. म्हणजे पाणलोट पाहिला तर सगळं खोरंच स्पेनच्या उताराचं. तहात तत्त्व होतं की गॉल (जुना फ्रान्स) आणि हिस्पानिया (जुना स्पेन) यांना पूर्वापार वेगळे करणारे डोंगर हीच सीमा. ते काटेकोर लावलं असतं, तर डोंगर ओलांडून आलेला फ्रान्स ठरतो, लिव्हिया नव्हे. नदीला विचारलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं.

पासपोर्टची गोष्ट जुनी झाली. मार्च १९९५पासून दोन्ही देशांत शेंगेन व्यवस्था, म्हणजे सीमेवर पासपोर्ट न तपासण्याची व्यवस्था, लागू आहे. त्याआधीही पुच्सर्दाला जोडणारा रस्ता ‘तटस्थ’ होता: जमीन फ्रान्सची, पण लिव्हियाकरांना ये-जा मोकळी. दोन्ही देशांतल्या १८६६च्या बायोनच्या करारातही ही मुभा राखली गेली.

‘एकमेव’ म्हणाल, तर जर्मनीचं ब्युसिंगन स्वित्झर्लंडच्या आत आहे, बेल्जियमच्या बार्ले-हेर्टोगचे तुकडे नेदरलँड्समध्ये विखुरलेत. आणि भारत-बांगलादेशात २०१५पर्यंत असे दीडशेहून अधिक तुकडे होते, हे आपणच विसरावं?

एवढं सगळं सोडून या मजकुरात खरी गंमत आलीच नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सने त्या तटस्थ रस्त्यावर, जिथे फ्रेंच रस्ते आडवे येतात तिथे, ‘स्टॉप’च्या पाट्या लावल्या. आपल्याच रस्त्यावर आपण थांबायचं? लिव्हियाकर त्या उपटून टाकत, फ्रान्स पुन्हा लावे. वर्षानुवर्षं हे चाललं. शेवटी एका चौकात पूल बांधून एक रस्ता दुसऱ्याच्या वरून नेला, तेव्हा कुठे तिथला तंटा मिटला.