‘घरबसल्या एम.एस्सी. नर्सिंग’ : खुलासा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या नर्सिंग ग्रुपांवर ‘जीएनएमवर (म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमावर) घरबसल्या वर्षभरात एम.एस्सी. नर्सिंग’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे हा अभ्यासक्रम 2 वर्षांचा, नियमित हजेरीचा आहे. वॉर्डातलं प्रात्यक्षिक घरून होणार तरी कसं?

जीएनएमवाल्यांना आधी 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी) करावंच लागतं. मग एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी खुल्या गटाला पदवीत एकूण किमान 55 टक्के आणि 1 वर्षाचा अनुभव हवा. गोंधळ अनुभवातच होतो : बेसिक बी.एस्सी.वाल्यांचा (बारावीनंतर थेट नर्सिंगची पदवी घेतलेल्यांचा) पदवीनंतरचाच धरतात, पोस्ट बेसिकवाल्यांचा आधीचाही चालतो. म्हणून अनुभवपत्रावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची, दोन्ही तारखा लिहून घ्या.

फी भरण्याआधी कॉलेजचं नाव परिषदेच्या यादीत बघा. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.