पेट्यांची संख्या वाढली म्हणून देशी परागसिंचक कीटक वाचत नाहीत

सध्या एक संदेश हजारो लोक एकमेकांना पाठवत आहेत. त्याचा आशय असा की, मधमाशी नाहीशी झाली तर माणूस चार वर्षांत संपेल असे आइन्स्टाइन सांगून गेले आहेत. मात्र जगात मधमाश्यांच्या पेट्या वाढतच असल्याने काळजीचे कारण नाही. सरकारांनी पेट्यांना अनुदान द्यावे आणि कीटकनाशकांवरील बंदी, रानटी माश्यांना कायद्याचे संरक्षण असले कागदी खटाटोप सोडून द्यावेत. संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, पण त्यातली विधाने तपासली की टिकत नाहीत.

आइन्स्टाइन यांचे निधन १९५५ साली झाले आणि त्यांच्या लेखनात किंवा भाषणांत हे वाक्य कुठेही सापडलेले नाही. शिवाय गहू, भात, मका ही पोटाला आधार देणारी पिके कीटकांवाचूनही दाणा धरतात. खरे चित्र २०१६ च्या आंतरराष्ट्रीय जैवविविधता अहवालात आहे: जगातील प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक प्रकार थोड्याफार प्रमाणात तरी प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत. हे पुरेसे गंभीर आहे. त्याला खोट्या वचनाची जोड कशाला हवी?

पेट्या वाढल्या आहेत, हे खरे आहे. परंतु पेटीतली मधमाशी हे पाळीव जनावर आहे, आणि कोंबड्यांची संख्या वाढली म्हणून रानपाखरे सुरक्षित आहेत असे कोणी म्हणत नाही. मधमाशी आणि तिच्या रानटी भाऊबंद माश्या यांच्या मिळून जगात वीस हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकांड्या आहेत. त्यांना ना राणी असते, ना पोळे, ना मधाचा साठा. टोमॅटोच्या फुलाकडे जवळून पाहिले तर पाळीव आणि रानटी माशीतला फरक लगेच उमगतो. त्याचे परागकण परागकोशाच्या नळीत बंद असतात आणि टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडतात. मधमाशीच्याच गोतावळ्यातला केसाळ भुंगा फुलाला खाली लोंबकळतो, परागकोश जबड्यात पकडतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि त्या गुणगुणाटासरशी पिवळी भुकटी त्याच्या पोटावर सांडते. पेटीतल्या मधमाशीला ही कला येत नाही. त्यामुळे शेजारी कितीही पेट्या ठेवल्या तरी भुंग्याची जागा भरून निघत नाही.

उलट परक्या माश्या आणून सोडल्याने देशी माश्यांचा घात होऊ शकतो. चिलीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात परागीभवनासाठी युरोपीय भुंगे आयात करू दिले. ते रानात पसरले, पुढे अर्जेंटिनातही शिरले, आणि त्यांच्या वाटेवर दक्षिण अमेरिकेच्या त्या टोकाचा मोठा, नारिंगी केसाळ देशी भुंगा झपाट्याने दिसेनासा झाला. त्यामागे बाहेरून आलेल्या रोगांचा हात असल्याचा अभ्यासकांना दाट संशय आहे. ही चूक परवानगी देणाऱ्या सरकारची होती, म्हणून आयातीवर नियंत्रण हे संरक्षणाच्या कामातले पहिले पाऊल मानायला हवे.

बंदी म्हणजे कागदी घोडे, हा आक्षेप मात्र मी गांभीर्याने घेतो, कारण त्यात थोडे तथ्य आहे. निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशक बियाण्याला चोळले तरी झाडाच्या रसात भिनते आणि परागात व मकरंदात उतरते. युरोपीय संघाने अशा तीन औषधांवर २०१३ मध्ये निर्बंध आणले आणि २०१८ मध्ये त्यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. तरीही सदस्य देश ‘आणीबाणीची परवानगी’ देत राहिले. पण जानेवारी २०२३ मध्ये संघाच्या न्यायालयाने बंदी घातलेल्या औषधांनी प्रक्रिया केलेल्या बियाण्यांना अशी सवलत देता येणार नाही असा निकाल दिला. पळवाट निघाली आणि ती अडवताही आली, ती कायदा होता म्हणूनच. अमेरिकेतही २०१७ मध्ये पाठीवर गंजासारखा ठिपका असलेला भुंगा कायद्याने संरक्षित अशा संकटग्रस्त जातींच्या यादीत आला.

राहिला प्रश्न अनुदानाचा. मधुपालकांना मदत जरूर मिळावी, मात्र तिची नोंद देशी कीटकांच्या संरक्षणाच्या खात्यावर होऊ नये. रानटी माश्यांच्या बहुसंख्य जाती जमिनीत बिळे करून अंडी घालतात. त्यांना न नांगरलेला उघडा बांध, न कापलेली रानफुले आणि फवारणीविना राहिलेला पट्टा लागतो. २०२४ च्या युरोपीय निसर्ग पुनर्स्थापना कायद्याने परागसिंचकांची घट २०३० पर्यंत थांबवून त्यांची संख्या पुन्हा वाढीला लावण्याचे बंधन सदस्य देशांवर घातले आहे, आणि त्यासाठी मोजणी रानातल्या कीटकांची करायची आहे, पेट्यांची नव्हे.