दशावतारी माणूस उत्तरार्धातही दिसतो

‘दशावतार’ या चित्रपटाचा उत्तरार्ध नुसती सूडकथा होतो, असं त्यावरच्या या लेखात म्हटलंय. मला ते पटलं नाही. मी गोव्यातल्या पेडण्याचा. देवळासमोरच्या दहीकाल्याला रात्र रात्र जागून दशावताराचं लोकनाट्य बघितलेला. त्यात नट लिहिलेलं नाटक पाठ करत नाही. आख्यान ठरलेलं असतं, संवाद तो उभ्या उभ्या रचतो आणि एकदा रंग चढला की पहाटेपर्यंत देवच असतो. चित्रपटातला दशावतारी नट, दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री, उत्तरार्धात तेच करतो, फक्त रंगमंच सोडून. म्हणून मला उत्तरार्ध तुटक वाटला नाही. रंग लावताना त्यांची बोटं ज्या सवयीने चालतात ना, ती तर आमच्या गावच्या म्हाताऱ्या नटांचीच. डोळ्यांत पाणी आलं.

पार्श्वसंगीत मात्र फार मोठं आहे. पेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर आख्खं गाव जागं राहतं, हे दिग्दर्शक सुबोध खानोलकरांना माहीत नसेल असं नाही. जंगलातल्या प्रसंगांत थोडी शांतता हवी होती.

आणि चित्रपटातला खाणीचा विषय. तो ओढूनताणून आणलाय असं खाली प्रतिक्रियांत कुणीतरी लिहिलंय. डिचोली, सांग्यात एकदा फिरून या. 2012 साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या होत्या, पण कापलेले डोंगर आजही तसेच उघडे आहेत. पणजीत आम्ही चित्रपट बघितला तेव्हा त्या दृश्यांना आख्खं थिएटर गप्प होतं. माझ्या शेजारी डिचोलीचा मित्र होता, तो मध्यंतरातही जागेवरून उठला नाही.