खुलासा: ‘फ्लू लिव्हर सडवतो’ हा मेसेज पुढे पाठवू नका

कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रविवारी मीच मेसेज टाकला होता: ‘फ्लू थेट लिव्हर सडवतो. पॅरासिटामॉल बंद करा, रोज गुळवेलीचा काढा घ्या.’ तो चुकीचा आहे. न तपासता पुढे ढकलला, चूक माझी.

नंतर आमच्या फॅमिली डॉक्टरांना दाखवला. फ्लू किंवा कोविडमध्ये एसजीपीटी, एसजीओटी (लिव्हरच्या रक्ततपासणीत मोजली जाणारी एन्झाइम्स) थोडे वाढू शकतात, एवढंच त्यात खरं. बहुतेक वेळा फ्लूचा विषाणू लिव्हरमध्ये शिरलेलाच नसतो. फुप्फुसातल्या संसर्गाशी लढणाऱ्या प्रतिकारपेशींची झळ लिव्हरला बसते. बरं वाटू लागलं की आकडे सहसा काही आठवड्यांत उतरतात. शिवाय एसजीओटी स्नायूंमध्येही असतो, म्हणून तो वाढला की लिव्हरच बिघडलं असं नाही.

पॅरासिटामॉल ठरल्या प्रमाणात चालतं; निरोगी प्रौढाला 24 तासांत जास्तीत जास्त 4 ग्रॅम. घोळ वेगळाच होतो. घरातली सर्दीच्या गोळ्यांची पट्टी उलटून पाहिली, तर तिच्यातही पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम! तापाची वेगळी, सर्दीची वेगळी असं करत नकळत डोस दुप्पट होतो. (आईला मी दोन्ही देत होतो.) लिव्हरचा आजार असेल किंवा रोज दारू असेल, तर मर्यादा डॉक्टरांनाच विचारा. मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नका.

आणि गुळवेल? 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेतलेल्या 6 रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तरी लिव्हर वाचवायला काढा प्या हा सल्ला मी मागे घेतो.

डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर लगेच डॉक्टरांकडे जा. रविवारचा मेसेज मी काढलाय. घणसोली, ऐरोलीच्या ग्रुपवर ज्यांनी पाठवला, त्यांनी तिथे हा खुलासा टाका.