समुद्र दिसतो, थोडं वाकलं तर

आमच्या घरात भेंडी टोक मोडून बघितल्याशिवाय घेत नाहीत. न्यू जर्सीत एडिसनच्या इंडियन ग्रोसरीत "मोडू नका" अशी पाटी लावलीय, तरी नवरा इकडेतिकडे बघून दोनचार मोडतोच. त्याच माणसाने एका रविवारी लॅपटॉपमधून मान वर करून जाहीर केलं की आपण हवाईत कॉन्डो म्हणजे फ्लॅट घेतोय, आणि जायचीबियची काही गरज नाही, सगळं घरबसल्या होतं.

कारणं त्याच्याकडे रांगेने उभी होती. न्यू जर्सीतला बर्फ, त्याची कंबर, रिटायरमेंट, तोपर्यंत भाडं. जागाही ठरवून झालेली, हवाईतल्या सगळ्यात मोठ्या बेटावरचं, बिग आयलंडवरचं कैलुआ-कोना, जिथली कॉफी प्रसिद्ध आहे तेच. नेवार्कहून होनोलुलूची थेट फ्लाइट जवळपास ११ तासांची, तिथून पुढे अजून एक विमान, मुलांच्या शाळा, तिकिटांचे दर हे सगळं बघता नुसतं घर बघून यायचं म्हणजे एका ट्रिपचे पैसे पाण्यात. म्हणून मग तिथली एक एजंट बाई गाठली आणि व्हिडिओ कॉल सुरू झाले. आता हवाईवाले घड्याळ मागेपुढे करत नाहीत, आम्ही करतो, त्यामुळे फरक कधी ५ तास कधी ६. बाई दिवसभराची कामं उरकून संध्याकाळी पाचला फोन करायची तेव्हा आमच्याकडे ओटा पुसून झालेला, डोळे मिटायला लागलेले, आणि गुहागरला सासूबाई सकाळचा चहा घेऊन एकदम ताज्यातवान्या. त्या प्रत्येक कॉलला हजर. इंग्रजी कळत नाही म्हणतात, पण कळायचं तेवढं बरोब्बर कळतं.

जाहिरातीत लिहिलेलं "ओशन व्ह्यू". व्हिडिओत आधी पार्किंग दिसलं, मग स्विमिंग पूल, मग एक झाड, मग परत पार्किंग. मी विचारलं समुद्र कुठाय. बाई "अलोहा स्पिरिट"वाली, चेहऱ्यावरचं हसू जराही हललं नाही, ती लनाईच्या म्हणजे बाल्कनीच्या टोकाला गेली, कठड्यावरून वाकली, फोन धरलेला हात लांब केला आणि दोन छपरांच्या मधे एक निळी पट्टी दाखवली. नवऱ्याने लगेच स्क्रीनशॉट काढून झूम केला. "आहे की!" सासूबाई म्हणाल्या, "पडेल हो ती, आत घ्या तिला."

मग मी सूत्रं हातात घेतली. नळ सोडायला लावले, सिंकखालचं कपाट उघडायला लावलं, फ्लश करायला लावला. पॅसिफिकच्या मधोमध एक नटलेली बाई आमच्यासाठी फ्लश दाबतेय आणि आम्ही तिघं दोन ठिकाणांहून कान देऊन ऐकतोय, हे दृश्य मी विसरणार नाही. वास कसला येतोय तेही विचारलं. "प्लुमेरिया!" म्हणाली. म्हणजे आपला चाफा. अगं बाई, मी ओलीचं विचारतेय, भिंतीला पापुद्रे सुटलेत का ते बघ. पण दमट वास व्हिडिओवर येत नाही आणि एजंटच्या नाकाला तर अजिबातच येत नाही.

याच्या आधी एक भलताच स्वस्त फ्लॅट सापडला होता, तेव्हाची गंमत. नवरा हरखलेला. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?" आम्ही हसलो. मग बारीक अक्षरात वाचलं तर तो निघाला लीजहोल्ड. म्हणजे फ्लॅट तुमचा, जमीन दुसऱ्याची, तिचं भाडं वेगळं, ते ठरावीक वर्षांनी वाढणार आणि लीज संपली की बहुतेक करारांत सगळं जमीनमालकाकडे परत. हवाईत हे प्रकरण जुनं आहे. बड्या इस्टेटींकडे प्रचंड जमिनी, लोकांची घरं त्यावर भाडेपट्ट्याने. १९६७ मध्ये तिथे कायदा झाला की अशा लोकांना पायाखालची जमीन विकत मिळावी, मालक कोर्टात गेले, आणि १९८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला. त्यात जमीन मिळाली ती मुख्यतः स्वतंत्र घरवाल्यांना. हे सगळं मी सासूबाईंना तपशिलात समजावलं तर त्या म्हणाल्या, "हां, म्हणजे कूळकायदा," आणि चहाची कपबशी आत ठेवायला गेल्या. त्यानंतर आम्ही फक्त फी सिम्पल म्हणजे जमिनीच्या हिश्श्यासकट असलेलेच फ्लॅट बघितले.

लाव्हाचं जरा थोडक्यात सांगते कारण आठवलं की अजून पोटात गोळा येतो. या बेटाचे लाव्हाच्या धोक्यानुसार १ ते ९ असे झोन पाडलेत, १ म्हणजे सगळ्यात वाईट. २०१८ मध्ये किलाउएया ज्वालामुखी फुटला तेव्हा पूर्वेकडच्या पुना भागात सातशेहून जास्त घरं गेली. कोना झोन ४ मध्ये. नवरा म्हणे ४ म्हणजे सुरक्षित. त्याला मी एवढंच सांगितलं की कोनाचा एअरपोर्ट १८०१ च्या लाव्हावर बांधलाय, बाकी तू ठरव. आणि विमा म्हणाल तर २०२३ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या माउई बेटावरचं लहाइना गाव जळून गेल्यानंतर कॉन्डोंच्या विम्याचे हप्ते असे काही वाढलेत की महिन्याचा मेंटेनन्स ऐकून नवऱ्याने "वर्षाचा ना?" असं दोनदा विचारलं.

पण खरा फ्लॅट मला कळला तो सोसायटीच्या मिनिट्समधून. खरेदीदाराला असोसिएशनचे कागद देतात, नियमावली, जमाखर्च, राखीव निधी, आणि मीटिंग्जची इतिवृत्तं. नवऱ्याने अर्थातच उघडली नाहीत. मी मात्र रात्री पांघरुणात फोन घेऊन अधाशासारखी वाचली. काय सांगू, कोथरूडच्या आमच्या सोसायटीत बसल्यासारखं वाटलं. पार्किंगचं भांडण पहिल्या पानापासून. कोणीतरी मोकाट कोंबड्यांना दाणे घालतं, कोंबडा पहाटे तीनला आरवतो, दाणे घालणाऱ्याने सापडू नये म्हणून काय काय केलंय ते वाचावं. कठड्याचं काँक्रीट फुटून आतली सळई गंजलीय, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर तीन मीटिंगा, निर्णय नाही. वाळवीसाठी बिल्डिंगवर तंबू घालून गॅस सोडायचा तर सगळ्यांनी दोनतीन दिवस बाहेर राहायला हवं, आणि तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणतात मी नाही हलणार, माझी ऑर्किड्स आहेत. एजंट बाईने इतक्या कॉलमधे जे सांगितलं नव्हतं ते सगळं सेक्रेटरीने रुक्ष इंग्रजीत लिहून ठेवलं होतं. त्या आजोबांमुळे खरं तर मला ती बिल्डिंग आवडायला लागली.

आणि मग ते कलम आलं. आवारातले माड. नारळ डोक्यात पडून कोणी दावा ठोकू नये म्हणून माणूस चढवून नारळ कोवळे असतानाच उतरवतात आणि टाकून देतात. त्यासाठी दरवर्षी बजेट!

हे मी सासूबाईंना सांगायला नको होतं असं नवऱ्याचं मत. त्यांच्या वाडीत पाडेली वेळेवर मिळत नाही म्हणून जीव मेटाकुटीला येतो, आणि इथे पाडेल्याला पैसे देऊन शहाळी कचऱ्यात. बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत. मग, "आणि पाणी कसलं पितात तिथे? बाटलीतलं?"

बाकी व्यवहार पार पडला. फ्लॅट फर्निचरसकट होता, त्याची यादी आली, तीत वेताचा सोफा, राइस कुकर, काटे बारा, चमचे अकरा, बूगी बोर्ड दोन पैकी एक तुटका, असं प्रामाणिकपणे लिहिलेलं. बाराव्या चमच्याची चौकशी करू नकोस असं मला बजावण्यात आलं. सह्या मोबाईलवर इतक्या केल्या की शेवटी मी डॉक्टरच्या फॉर्मवरही बोट फिरवायला लागले. कर्जाच्या कागदांसाठी मात्र नोटरी घरी आला, काळं पेन घेऊन, आणि डायनिंग टेबलावर लोणच्याची बरणी बाजूला सारून आम्ही त्या गठ्ठ्यावर सह्या ठोकल्या. पैसे पाठवायच्या आदल्या रात्री नवरा झोपला नाही. ईमेलमधले बँकेचे तपशील बदलून लोकांची आयुष्यभराची पुंजी पळवतात हे त्याने नेमकं तेव्हा वाचलं, त्यामुळे एस्क्रोवाल्यांना, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मधल्या कंपनीला, फोन करून अकाउंट नंबर त्याने उलटा सुलटा असा दोन्हीकडून वाचून घेतला. मग होनोलुलूच्या ऑफिसात नोंद झाली, अख्ख्या राज्याच्या दस्तांची नोंद तिथेच होते, आणि एका ईमेलने आम्ही मालक झालो. किल्ली दाराला टांगलेल्या लॉकबॉक्समध्ये, नंबर मेसेजवर. पेढे एडिसनमध्ये वाटले.

पहिली मीटिंग मालक म्हणून झूमवर, आमच्या रात्री अकराला. नवरा वर शर्ट घालून खाली लुंगीवर बसला. नवीन सभासदांना काही बोलायचंय का असं अध्यक्षबाईंनी विचारलं, आणि याने घसा खाकरून माडांचा विषय काढला, की नारळ टाकू नका, उतरवले की सभासदांना वाटा, आमच्याकडे कोकणात असं असं करतात. क्षणभर सगळे चौकोन गप्प. मग ऑर्किडवाले आजोबा म्हणाले, अनुमोदन. वकिलाचं मत घ्यावं लागेल, असं अध्यक्षबाई म्हणाल्या, विषय पुढच्या सभेवर गेला, आणि मग पार्किंग सुरू झालं ते संपेना. आमच्या जागेवर कोणाची तरी पांढरी टोयोटा उभी असते म्हणे.